मन घट्ट करण्याआधी मनाला उसंत : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आले : ‘मला सगळे सांगतात, जरा निसर्गात जाऊन ये, बरे वाटेल.’ सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही, हेही या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी पाच पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझे वय ५२ आहे. आठ महिन्यांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांचे सगळे मीच करते. मुलगा बंगळुरूला असतो, दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज फोनही करतो. सकाळी फिजिओथेरपिस्ट येतात तेवढा पाऊण तास मी मोकळी असते आणि त्यातच औषधे व भाजी आणायची असते. हल्ली मला लहानसहान गोष्टींवरून रडू येते, गॅसवर दूध ठेवल्याचे विसरते, आणि आयुष्यात कधी कोणावर आवाज न चढवलेली मी आता त्यांच्यावर ओरडते आणि नंतर रात्रभर स्वतःला दोष देत बसते. बहीण म्हणते, मन घट्ट कर आणि चार दिवस माथेरानला जाऊन ये. त्यांना सोडून मी माथेरानला कशी जाणार? आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि त्या भिंतीत उगवलेले पिंपळाचे एक रोप. निसर्ग म्हणावा असे एवढेच. निसर्गामुळे मन खंबीर होते यात खरोखर काही आहे, की ते नुसते बोलायचे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या बहिणीचे ‘मन घट्ट कर’ हे शब्द आधी बाजूला ठेवू या. संकटात सापडलेल्या माणसाला आपल्याकडे हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि ज्यावर ओरखडाही उठत नाही ते मन खंबीर, अशी समजूत त्यामागे असते. मानसशास्त्र ज्याला मनाची उभारी म्हणते ती ही नव्हे. माणूस हादरतो, रडतो, चुकतो, त्याची झोप उडते आणि तरीही काही काळाने तो पुन्हा आपल्या चालीवर येतो. त्या परत येण्याला उभारी म्हणायचे. परत येण्यासाठी मनाला अधूनमधून उसंत मिळावी लागते, आणि तुम्हाला ती गेल्या आठ महिन्यांत मिळालेली नाही. दूध विसरणे, चटकन रडू येणे, आवाज चढणे या गोष्टींवरून तुमचा स्वभाव बिघडला असे मुळीच ठरत नाही. तुमचे लक्ष अतोनात दमले आहे, एवढेच त्यांवरून दिसते.

लक्ष दमते म्हणजे काय, याचे चांगले विवेचन मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली केले. त्यांच्या मते आपले लक्ष दोन रीतींनी चालते. एका रीतीत आपण ते प्रयत्नपूर्वक एका कामावर धरून ठेवतो आणि बाकीचे सगळे उंबऱ्याबाहेर थोपवतो. रक्तदाबाची गोळी आठ वाजता, दुसरी जेवणानंतर, दर दोन तासांनी कूस बदलायची, पाणी पाजताना ठसका लागत नाही ना ते पाहायचे, आणि स्वयंपाकघरात असतानाही एक कान पलंगाकडेच ठेवायचा, हे सारे या पहिल्या रीतीत येते. हे लक्ष वापरून थकते आणि थकले की विसराळूपणा व चिडचिड सुरू होते, साधा निर्णयही सुचेनासा होतो. दुसऱ्या रीतीत आपण लक्ष देत नाही, ते आपोआप वेधले जाते. वाऱ्याने हलणारी पाने, सरकणाऱ्या ढगाची कड, पावसाच्या पागोळ्या या गोष्टी मनाला हलकेच गुंतवतात, परंतु त्याच्याकडे काही मागत नाहीत, आणि तेवढ्या वेळात पहिल्या प्रकारच्या लक्षाला विश्रांती मिळते. दूरदर्शनवरील मालिकाही लक्ष वेधते हे खरे. मात्र ती मनाला इतके करकचून धरते की आत दुसरे काही निवळायला जागा उरत नाही.

तुमच्या भिंतीवरून मला एक जुने संशोधन आठवले. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या खाटेवरून खिडकीतून झाडे दिसत होती आणि काहींना केवळ विटांची भिंत. वय, लिंग आणि अशाच इतर बाबी जुळवून त्यांनी रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकांचे जोरकस डोस कमी लागले. परिचारिकांनी त्यांच्याविषयी ‘रडत आहे’, ‘अस्वस्थ आहे’ अशा नोंदीही कमी केल्या होत्या. हे रुग्ण बागेत फिरले नव्हते. ते पडल्या पडल्या खिडकीबाहेर पाहत होते. तुमच्या खिडकीत योगायोगाने दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, विटांची भिंतही आणि तिच्यातून उगवलेले झाडही.

तेव्हा त्या रोपाला ‘एवढेच’ म्हणू नका. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि सडपातळ असतो, त्यामुळे इतर झाडांची पाने निश्चल असतात तेव्हाही ते सळसळत असते. नवी पालवी फुटते तेव्हा ती तांबूस आणि इतकी तलम असते की उन्हाला धरलेल्या बोटांसारखी आतून उजळते, आणि हिरवी होईपर्यंत रोज तिचा रंग थोडा बदलतो. दुपारी यजमान झोपले की चहाचा कप घेऊन दहा मिनिटे त्या खिडकीपाशी बसा आणि त्या वेळात दुसरे कोणतेही काम, अगदी भाजी निवडणेसुद्धा, करू नका. काही अनुभवायचा प्रयत्न करण्याची गरज नाही. तो प्रयत्न म्हणजे पुन्हा पहिल्या प्रकारचे लक्ष. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टना विचारून यजमानांचा पलंगही असा फिरवून घ्या की त्यांनाही ती खिडकी दिसेल, कारण आठ महिने ते बहुधा छत आणि पंखाच पाहत असतील. एक सावधगिरीची सूचना मात्र करते : पिंपळाची मुळे भिंत फोडतात, त्यामुळे ते रोप काढण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत आज ना उद्या होणारच, आणि त्यात सोसायटीची चूक नसेल. म्हणून सगळी भिस्त त्या एका रोपावर ठेवू नका. सकाळच्या पाऊण तासात औषधांच्या दुकानाकडे जाताना दोन मिनिटे लांबचा पण झाडांचा रस्ता धरा. वाटेत देशी बदामाचे एखादे झाड असेल तर पाने गळण्याआधी ती कशी लाल होत जातात ते पाहा. आणि रखरखीत दुपारी ‘टुक टुक’ असा एकसारखा ठोका ऐकू आला, तर तो हिरव्या पाठीच्या, लाल कपाळाच्या तांबट पक्ष्याचा असतो, हे ध्यानात ठेवा.

मला स्वतःला हे वडिलांच्या आजारपणात उमगले. रुग्णालयाच्या व्हरांड्याच्या टोकाला एक खिडकी होती आणि तिच्यासमोर पर्जन्यवृक्षाचा विस्तीर्ण माथा. संध्याकाळ झाली की त्याची पर्णदले जोडीजोडीने मिटत, झाड विरळ होई आणि पलीकडचे आकाश दिसू लागे. मी तिथे दहा-बारा मिनिटे उभी असे. त्याने वडिलांची प्रकृती सुधारली नाही, माझी काळजीही गेली नाही. पण खोलीत परतल्यावर डॉक्टरांचे बोलणे मला एकदा ऐकून समजे, जे एरवी दिवसभरात होत नसे.

यापुढचे माझे म्हणणे निसर्गाविषयी नाही, परंतु ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकट्या माणसाने चोवीस तास रुग्णसेवा करावी आणि दमू नये, हे कोणतेही झाड घडवून आणू शकत नाही. मुलाला पैशांबरोबरच वेळही मागा. आठवड्यातून दोन दिवस चार-चार तासांसाठी रुग्णसेवक लावण्याची व्यवस्था तो बंगळुरूहूनही करू शकेल. रडू येणे आणि स्वतःला दोष देणे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चालू असेल, आणि पत्रावरून तसे वाटते, तर यजमानांच्या पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्वतःविषयीही सांगा.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञानशिक्षक आहे. ‘आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालवा’ असे लेख मी हल्ली वारंवार वाचतो. मुळात निरोगी आणि सुखवस्तू माणसेच बागेत जाऊ शकतात, म्हणून बागेत जाणारी माणसे निरोगी दिसतात, असे नसेल कशावरून? कारण आणि परिणाम यांची येथे गल्लत होत नाही ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर, शंका रास्त आहे. १२० मिनिटांचा आकडा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतून आला. आठवड्यात किमान तेवढा वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, मग तो वेळ एकाच फेरीतला असो की तुकड्यातुकड्यांनी जमलेला. संशोधकांनी वस्ती, उत्पन्न, जुने आजार अशा गोष्टींचा हिशेब धरला होता. तरीही ही एका वेळची पाहणी आहे, आणि आधी काय व नंतर काय हे तिच्यातून ठरत नाही. ११९व्या मिनिटाला काही होत नाही आणि १२०व्या मिनिटाला होते, असे तर तिच्या लेखकांचेही म्हणणे नाही.

कारणाच्या अधिक जवळ नेणारा प्रयोग अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. तेथील ५४१ पडीक, कचऱ्याने भरलेल्या भूखंडांची यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटातील भूखंड साफ करून तेथे गवत आणि थोडी झाडे लावली आणि लाकडाचे बुटके कुंपण घातले; दुसऱ्या गटात नुसता कचरा उचलला; तिसरा गट होता तसाच ठेवला. आजूबाजूच्या रहिवाशांना तेथे जाऊन बसा असे कोणीही सांगितले नव्हते. तरीही हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण तिसऱ्या गटाच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले आणि गरीब वस्त्यांमध्ये ही घट आणखी मोठी होती. नुसता कचरा उचललेल्या ठिकाणी असा ठळक फरक दिसला नाही. तुमचा ‘सुखवस्तू माणसे’ हा आक्षेप येथे लागू होत नाही, कारण कोणाच्या वाट्याला हिरवळ यावी हे त्या माणसाने ठरवलेलेच नव्हते.

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे की परिणाम खरा आहे, पण माफक आहे. उलरिच यांचे रुग्ण अवघे ४६ होते, हेही विसरू नये. शिवाय टेकडी चढणाऱ्याला व्यायाम, सूर्यप्रकाश आणि ओळखीच्या माणसांची भेट एकदमच मिळते. त्यातला झाडांचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. संशोधकाला ते काढावेच लागेल, सामान्य माणसाचे मात्र त्यावाचून अडत नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून तीन वर्षांपासून पुण्यात राज्यसेवेची तयारी करतो आहे. दोनदा पूर्वपरीक्षेत थोड्या गुणांनी राहिलो. दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत असतो. मित्रांच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर जातो. वेळ वाया जाऊ नये म्हणून कानात चालू घडामोडींची व्याख्याने लावतो. ती बंद केली की डोक्यात तेच सुरू होते : वडिलांना काय सांगू, बरोबरचे कुठे पोहोचले, त्या दोन प्रश्नांची उत्तरे का बदलली. दोन महिने झाले, टेकडीचा काही उपयोग जाणवत नाही. माझेच काही चुकते आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : चूक म्हणता येणार नाही, पण तुम्ही टेकडीवर जाताना अभ्यासिका बरोबर घेऊन जाता. बारा तास वापरलेले लक्ष तुम्ही तेराव्या तासालाही त्याच कामाला जुंपता. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीच माणसे एकदा झाडांच्या उद्यानात आणि एकदा शहराच्या गजबजलेल्या रस्त्यावर तासाभराच्या आतबाहेर चालून आली. चालण्याआधी व नंतर त्यांना आकड्यांची मालिका ऐकून उलट्या क्रमाने म्हणायची होती. उद्यानातून आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली; रस्त्यावरून आल्यावर तसे म्हणण्याजोगे काही घडले नाही. परीक्षार्थीने या निष्कर्षाकडे स्वार्थाने पाहिले तरी हरकत नाही : टेकडीवर ऐकलेल्या व्याख्यानापेक्षा टेकडीवर न ऐकलेले व्याख्यान नंतरच्या अभ्यासाला अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे. तसेही संध्याकाळच्या वेळी टेकड्यांवर फोनवर सदनिकांचे भाव ठरवत आणि मनगटावरची पावले मोजत चालणारी इतकी मंडळी भेटतात की मोरांनीच आता दुसरी टेकडी पाहावी असे वाटते.

खरा प्रश्न कान मोकळे केल्यावर सुरू होणाऱ्या विचारांचा आहे. तेच ते मनात घोळवत राहण्याला मी रवंथ म्हणते, फरक इतकाच की गाईच्या रवंथातून पचन होते आणि आपल्या रवंथातून होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१५ साली आले, ३८ जणांपैकी काहींना ९० मिनिटे गवताळ, झाडे असलेल्या परिसरात आणि काहींना वर्दळीच्या हमरस्त्याच्या कडेने चालायला सांगितले. पहिल्या गटातील लोकांनी स्वतःविषयीचा असा रवंथ कमी झाल्याचे सांगितले आणि त्याच्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या पुढच्या बाजूतील एका भागाची हालचालही मंदावलेली दिसली. परंतु हे निरोगी माणसांचे सरासरी निष्कर्ष आहेत. ज्याचे मन आधीच खोल चरात अडकले आहे त्याला एकांतात चालणे म्हणजे त्या चरातून आणखी एक फेरी, असेही होऊ शकते, आणि तसे होत असेल तर एकट्याने जाऊ नये. मित्राबरोबर जा आणि परीक्षेचा विषय काढायचा नाही असे ठरवून घ्या.

एकटे गेलात तर मनाला रिकामे सोडण्याऐवजी त्याला हलकेसे निमित्त द्या. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. फेब्रुवारीच्या सुमारास त्याची पाने झडून फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरतात. असे एकच झाड निवडा आणि रोज त्याच्यापाशी थांबून कालच्यापेक्षा काय बदलले तेवढे पाहा. वही करू नका, छायाचित्र काढू नका, नावांची यादी पाठ करू नका. तुमच्या हातात वही आली की तिचे टिपण होणार, हे तुमच्या पत्रावरूनच कळते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे विचारते. झोप उडाली आहे का, जेवणावरची वासना गेली आहे का, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही का, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात का? यांतले काही दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल तर तो टेकडीचा विषय राहत नाही, तेथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर हा अंक खाली ठेवून आधी तो क्रमांक लावा आणि खोलीतल्या सोबत्यालाही सांगा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो. येथे पाच महिने झाडांवर पान नसते, दुपारी पाचलाच अंधार पडतो आणि बाहेर उभे राहवत नाही. हिवाळ्यात मला फार एकटे आणि मलूल वाटते. अशा निसर्गाचा काय उपयोग? — एक वाचक, मिशिगन

उत्तर : वर उल्लेखिलेला उलट्या आकड्यांचा प्रयोग तुमच्याच शेजारच्या ॲन आर्बर गावात झाला आणि तो वेगवेगळ्या ऋतूंत झाला. जानेवारीत उणे चार अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असताना चालून आलेल्या लोकांनी चालण्यात मजा आली नाही असे सांगितले. लक्ष ताजेतवाने होण्याचा लाभ मात्र त्यांनाही उन्हाळ्यातल्या लोकांइतकाच झाला. म्हणजे आवडलेच पाहिजे अशी अट नाही. दुपारी उजेड असतानाच बाहेर पडा, कारण तुमच्याकडे झाडांपेक्षा उजेडाचा तुटवडा मोठा आहे. दर हिवाळ्यात ठरावीक काळी असेच मलूल वाटत असेल तर ऋतुमानाशी निगडित नैराश्य हा ओळखीचा आजार आहे आणि त्यावर प्रकाशोपचारासह चांगले उपचार आहेत. तेथील डॉक्टरांना तो नवा नाही.

प्रश्न : ताई, तुमच्या सदरात शहरातल्या लोकांना निसर्गात जा असे सांगितले जाते. मी जालना जिल्ह्यात चार एकर शेती करतो, दीड एकर मोसंबी आणि बाकी सोयाबीन. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत मी निसर्गातच असतो. सप्टेंबरात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले आणि शेंगांना झाडावरच कोंब फुटले. सोसायटीचे कर्ज आहे, मुलगी कॉलेजला आहे. आता नुसते आभाळ भरून आले तरी छातीत धडधडते. दुपारी बांधावरच्या कडुलिंबाखाली भाकरी खातो, तेवढा वेळ काय ते बरे वाटते. निसर्गामुळे मन खंबीर होत असेल तर आमच्या भागात माणसे जीव का देतात? — एक वाचक, जिल्हा जालना

उत्तर : हे पत्र आल्यावर मी या अंकासाठी आधी लिहिलेला मजकूर फाडून टाकला, कारण त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. वर मी ज्या प्रयोगांचा उल्लेख केला ते बहुतेक सारे शहरांतल्या माणसांवर झालेले आहेत, आणि त्या माणसांच्या दृष्टीने झाड म्हणजे काम संपल्यावर पाहायची गोष्ट आहे. कॅप्लन दांपत्याने निसर्गातून विश्रांती मिळण्यासाठी ज्या अटी सांगितल्या त्यांतली एक, रोजच्या व्यापापासून दूर असण्याची, तुमच्या बाबतीत पुरीच होत नाही. डोंबिवलीच्या ताईंना ढग दिसतो तेव्हा त्यांना फक्त ढग दिसतो. तुम्हाला त्याच ढगात सोयाबीनचा भाव, फवारणीचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि मुलीची फी दिसते. तुमचे आभाळ म्हणजे तुमची हिशेबाची वही आहे, आणि हिशेबाची वही उघडून बसल्याने कोणाला विश्रांती मिळत नाही.

त्याहून खोल गोष्ट अशी की ज्या जमिनीने आजवर आधार दिला तीच आता भरवशाची वाटेनाशी झाली आहे. ग्लेन अल्ब्रेख्त या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांनी आपल्या देशातील हंटर खोऱ्यात, जेथे उघड्या कोळसा खाणींनी आणि दुष्काळाने भोवतालचा प्रदेश ओळखू न येण्याइतका बदलला, तेथील रहिवाशांचे दुःख पाहून त्याला ‘सोलास्टाल्जिया’ असे नाव दिले. घर सोडून गेलेल्याला घराची ओढ लागते. येथे माणूस घरातच असतो आणि घरच त्याच्या डोळ्यांदेखत परके होते. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, पण ज्याने शेंगेला झाडावर कोंब फुटलेला पाहिला आहे त्याला शब्दाची गरज नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते. माणसे मन कच्चे म्हणून जीव देत नाहीत. अशा प्रत्येक घटनेमागे अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात : देणे, पिकाचे नुकसान, अपमान, आजारपण, दारू, कोणाशीही न बोलणे आणि उपचार न झालेले नैराश्य. यांतल्या पहिल्या दोहोंवर पंचनामा, विमा आणि कर्जफेडीची मुदत वाढवून मिळणे हेच इलाज आहेत, आणि त्यांच्या जागी कोणी तुम्हाला मनाच्या उभारीवर व्याख्यान देऊ लागले तर त्याला उठवून द्यायला माझी हरकत नाही.

तरीही तुमच्या पत्रातला लिंब मी सोडू शकत नाही. सगळे रान तुम्हाला हिशेब मागते आणि बांधावरचे ते एक झाड मागत नाही. ते ना पेरलेले आहे, ना विम्यात आहे, ना त्याचा भाव पडतो. तुम्ही न ठरवता नेमकी तीच जागा शोधली आहे जेथे निसर्ग आणि व्याप वेगळे होतात. तो अर्धा तास राखा. तेथे बसून फोनवर बाजारभाव पाहू नका आणि शक्य असेल तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याला भाकरीला तेथेच बोलवा, कारण त्याचीही शेंग भिजलेली आहे. पेरणी उरकून आषाढी वारीला दिंडीबरोबर निघणारी माणसे तुमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी तीन-चार आठवडे त्याच आभाळाखाली, पण स्वतःच्या बांधापासून दूर, चारचौघांच्या पावलांबरोबर चालणे, ही मला व्यापापासून दूर जाण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी सोय वाटते. घरची अडचण पाहून दोन मुक्काम गेलात तरी चालेल.

आभाळ भरल्यावर होणारी धडधड हा भित्रेपणा नाही. एकदा मोठे नुकसान झाल्यावर त्याची पूर्वसूचना देणाऱ्या खुणेला शरीर असेच उत्तर देते, आणि त्यावर उपचार होतात. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. जाणे जमेपर्यंत वर दिलेल्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून बोलता येईल, स्वतःसाठी आणि शेजाऱ्यासाठीही. तेथे केवळ ‘ताण आहे’ असे म्हणून थांबू नका. धडधड केव्हापासून होते, किती वेळ टिकते, तेव्हा हात थरथरतात का, त्या रात्री झोप लागते का, हे सांगा, आणि मनात मरणाचे विचार आले असतील तर तेही त्याच वेळी, न लाजता सांगा.